‘ताजी’ हा पत्ता नव्हे

नागपूर–मुंबईचा जुना रस्ता आमच्या शेलूबाजारातून जातो. लहानपणी चौकातल्या पाटीवरचा बाण ज्या रस्त्याकडे असायचा, त्याच रस्त्याने ट्रक जायचे. 11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि गावाजवळूनच त्या रस्त्यावर चढता येऊ लागलं. मुंबई तीच आणि नावही तेच, पण तिकडे जाण्याचा रस्ता बदलला. रस्त्याच्या बाबतीत हे चालतं, कारण ड्रायव्हरला डोळे असतात. कुठे वळलो, टोलनाका कधी आला, हे त्याला कळतं. फाइल आणणाऱ्या प्रोग्रामला डोळे नसतात. पाटीवर लिहिलेलं नाव तो खरं मानतो आणि पाटीमागचा रस्ता रातोरात बदलला तरी त्याला पत्ता लागत नाही.

अशाच एका पाटीमुळे गेल्या पावसाळ्यात आमच्या गावातल्या एका शेतकऱ्याची मोठी फजिती झाली. चूक अर्धी माझी होती, हे आधीच कबूल करतो. उरलेल्या अर्ध्या चुकीबद्दल मात्र मी आज भांडणार आहे.

मी फावल्या वेळात एक छोटा प्रोग्राम चालवतो. तो रोज सकाळी एका सरकारी सर्व्हरवरून पावसाच्या आकड्यांची फाइल उतरवतो, त्यातून आमच्या भागातल्या महसूल मंडळांचे आकडे वेगळे काढतो आणि गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. कोणत्या खात्याचा सर्व्हर ते सांगत नाही, कारण माझं भांडण एका खात्याशी नसून एका सवयीशी आहे. तुम्ही म्हणाल, पावसाचा आकडा शेतकऱ्याला कशाला हवा, त्याला आभाळ दिसतंच की! दिसतं, पण नुकसानभरपाईच्या कागदावर आभाळ चिकटवता येत नाही. मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटर पडला तर अतिवृष्टी, 64 पडला तर नुसता पाऊस. पीकविम्यात पाणी साचून नुकसान झालं तर 72 तासांच्या आत कळवावं लागायचं. आकडा आणि तारीख या दोन गोष्टींवर एका घराचं वर्ष अवलंबून असतं.

एका सकाळी माझ्या प्रोग्रामने ग्रुपवर टाकलं: “11 जुलै, सुधारित आकडा, 71.4 मिमी.” आदल्या दिवशी त्याच तारखेला त्याने 18.2 सांगितले होते. सुधारित म्हटल्यावर कोणी शंका घेतली नाही. ज्यांच्या सोयाबीनमध्ये गुडघाभर पाणी होतं, ते तर म्हणाले की आता खरा आकडा आला. एका काकांनी माझा मेसेज छापून घेतला, अर्जात 11 तारीख लिहिली आणि तालुक्याला गेले. तिथून परतले ते थेट माझ्या दारात.

“सर, तुमच्या गुरुपावर तं एकाहत्तर होता. तिथं अठरा लिवलं हाये. साहेब हासला माह्यावर. म्हने, व्हॉट्सअ‍ॅपवर कोनी बी काही टाकते.”

साहेब हसला, ते काकांना लागलं आणि मलाही लागलं. मी कॉम्प्युटर उघडला. तोपर्यंत प्रोग्रामने पुढच्या दिवसाची फाइलही आणली होती आणि तिच्यात 12 जुलैच्या नावावर पुन्हा 71.4 होते. लागोपाठ दोन दिवस, दशांशापर्यंत तोच पाऊस! आभाळ इतकं शिस्तीचं नसतं.

संबंधित कार्यालयातल्या तांत्रिक माणसाला फोन केला. नेहमीचं उत्तर मिळालं: “तुमच्याकडे नेटचा प्रॉब्लेम असेल. इथून ओपन होतंय.” हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक सेतू केंद्रवाल्याला पाठ आहे. गंमत म्हणजे ते अर्धं खरं होतं. आमच्या नेटला प्रॉब्लेम होताच. पण नेट तुटल्यामुळे फाइल अर्धवट यावी, फार तर येऊ नये. नेट तुटलं म्हणून 12 तारखेचा पाऊस 11 तारखेला कसा पडेल?

मग मी उतरवलेली फाइल ओळ न् ओळ वाचली. सुमारे अठरा एमबीची ती फाइल. जिल्हे इंग्रजी वर्णक्रमाने लावलेले, त्यामुळे वाशीम शेवटून दुसरा, त्यानंतर फक्त यवतमाळ. पहिल्या ओळीत तारीख 11 जुलै. मधोमध, नागपूरच्या आसपास, एक ओळ फाटलेली सापडली. एका मंडळाचं अर्धं नाव आणि त्याला चिकटलेला दुसऱ्या मंडळाचा आकडा. त्या ओळीच्या वरचं सगळं 11 तारखेच्या फाइलशी जुळत होतं, खालचं सगळं 12 तारखेच्या फाइलशी. डोकं एकाचं आणि धड दुसऱ्याचं.

हे झालं कसं, ते सांगतो. सर्व्हरवर त्या फाइलचं नाव होतं ‘ताजी’. पण ‘ताजी’ नावाची फाइल तिथे मुळात नव्हतीच. ती होती सिम्बॉलिक लिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी चिठ्ठी. चिठ्ठीत एवढंच लिहिलेलं असतं की खरी फाइल अमुक फोल्डरमध्ये, अमुक तारखेच्या नावाने आहे. 1983 साली आलेल्या 4.2 बीएसडीपासून ही सोय युनिक्सच्या जगात सर्रास वापरली जाते आणि ती सोय उत्तमच आहे. रोज नवी फाइल बनवायची, चिठ्ठीवरचा पत्ता बदलायचा, वापरणाऱ्याला नेहमी एकच नाव पुरतं.

त्या सकाळी माझा प्रोग्राम नऊच्या आधी सुरू झाला. चिठ्ठी तेव्हा 11 तारखेच्या फाइलकडे बोट दाखवत होती. अर्धी फाइल उतरली आणि नेट गेलं. नऊच्या सुमाराला तिकडे चिठ्ठी बदलली. नेट परत आल्यावर माझ्या प्रोग्रामने शहाणपणा केला. आधीचे नऊ एमबी वाया का घालवा, म्हणून त्याने सर्व्हरला सांगितलं की इतक्या बाइटपासून पुढचं द्या. सर्व्हरने दिलं, पण आता बोट 12 तारखेच्या फाइलकडे होतं. सर्व्हरने काहीच खोटं सांगितलं नाही. जे मागितलं ते दिलं आणि ‘206, अंशतः मजकूर’ असा रीतसर शिक्काही मारला. शेवटी एकूण आकार तपासला तर तोही बरोबर, कारण जिथून सुरुवात केली तिथून नव्या फाइलच्या शेवटापर्यंत आलो की बेरीज नव्या फाइलइतकीच होते. सगळ्या परीक्षांत पास आणि मजकूर मात्र खोटा.

ही लिंक आहे हे मला कळलं कसं? वेबवरून ते कळत नाही. ब्राउझरला लिंक दिसत नाही, लिंकमागची फाइल तेवढी मिळते. पण त्याच सर्व्हरचा एफटीपीचा जुना दरवाजा उघडा राहिला होता. तिथली यादी मागवली तर ‘ताजी’च्या ओळीत पहिलंच अक्षर इंग्रजी ‘एल’, म्हणजे लिंक. पुढे आकार अवघा काही डझन बाइट, आणि शेवटी बाण काढून खऱ्या फाइलचा पत्ता. इथे अनेकजण फसतात. यादीतला तो चिमुकला आकार फाइलचा नसतो, चिठ्ठीवर लिहिलेल्या पत्त्याच्या अक्षरांचा असतो. यादीतला आकार आणि उतरलेला आकार यांची तुलना करणारा प्रोग्राम लिंकपाशी हमखास ‘फाइल बिघडली’ म्हणून ओरडतो. एसएफटीपीतही हाच घोळ होतो. तिथे फाइलची माहिती विचारायच्या दोन रीती आहेत: ‘स्टॅट’ विचारलं तर मागच्या फाइलची माहिती, ‘एलस्टॅट’ विचारलं तर चिठ्ठीची. गिटहबवरच्या लिंकची कच्ची फाइल प्रोग्रामने उतरवली तर आकड्यांऐवजी एका ओळीचा पत्ताच हातात येतो. आणि एफटीपीच्या 1985 च्या मूळ नियमावलीत यादी कशी लिहावी हे ठरवून दिलेलंच नाही, म्हणून प्रत्येक सर्व्हर आपल्या मनाने लिहितो आणि प्रत्येक प्रोग्राम आपल्या मनाने वाचतो.

बाण दिसला म्हणून मी त्या बाणाच्या पत्त्यावर गेलो. एफटीपीने सांगितलं, 550, अशी फाइल नाही. खोटं नव्हतं तेही. एफटीपीच्या पाहुण्याला घराच्या एकाच खोलीत कोंडलेलं असतं आणि चिठ्ठीवरचा पत्ता दुसऱ्या खोलीतला होता. मग तोच पत्ता वेबवरून मागितला तर 403, मनाई आहे. म्हणजे 11 तारखेची खरी, अख्खी, तारखेच्या नावाची फाइल त्या डिस्कवर बसलेली होती. काल होती, आजही होती. फक्त तिचं नाव घेऊन ती मागायची मुभा मला नव्हती. मला फक्त ‘ताजी’ म्हणायची परवानगी.

माझा सगळा राग इथे आहे. लिंक ठेवली म्हणून मी रागावलेलो नाही. लिंक सोडून दुसरं काही ठेवलं नाही, म्हणून रागावलो आहे.

‘ताजी’ हे विशेषण आहे, पत्ता नव्हे. आज सकाळची ताजी आणि संध्याकाळची ताजी वेगळी असते. ‘ताजा भाव’ लिहिलेल्या पाटीचा फोटो घेऊन उद्या कोणी व्यापाऱ्याशी भांडायला गेला, तर त्याला पहिला प्रश्न हाच विचारतील की कोणत्या दिवसाचा? पावसाचा आकडा हा पुरावा आहे, आणि पुरावा म्हणजे जो उद्या, परवा, पाच वर्षांनी पुन्हा मागितला तरी तोच आणि तसाच मिळतो. दररोज बदलणाऱ्या नावामागे पुरावा ठेवणं म्हणजे साक्षीदाराला रोज नवं तोंड देणं.

समोरून काय उत्तरं येतात तीही ऐकली आहेत. पहिलं उत्तर सुरक्षेचं: “लिंकमागचे फोल्डर उघडे ठेवले तर धोका असतो.” हे मी हसण्यावारी नेणार नाही. धोका खरा आहे. अपाचे सर्व्हरमध्ये लिंकच्या मागे जायचं की नाही याची वेगळी परवानगी आहे. लिंकचा आणि फाइलचा मालक एकच असेल तरच जा, असाही एक पर्याय आहे. एनजिनएक्समध्येही लिंक बंद करायची सोय आहे. आणि धोका फक्त सर्व्हरलाच नाही. डब्ल्यूगेट या फाइल उतरवणाऱ्या जुन्या साधनात 2014 साली एक भोक सापडलं. वाईट हेतूचा एफटीपी सर्व्हर एकाच नावाची लिंक आणि फोल्डर पाठवून तुमच्या कॉम्प्युटरवर हव्या त्या जागी लिहू शकत होता. 1.16 आवृत्तीत ते बुजवलं. तेव्हापासून ते साधन आपल्याकडे तशीच लिंक बनवत बसत नाही, लिंकमागची फाइल आणतं. तर सुरक्षेची काळजी घ्याच. पण जनतेसाठीच असलेली तारीखवार फाइल एका उघड्या फोल्डरमध्ये ठेवल्याने कोणती सुरक्षा मोडते? तीच फाइल ‘ताजी’ नावाने तर तुम्ही आख्ख्या जगाला वाटताच आहात!

दुसरं उत्तर जागेचं: “रोजच्या फाइली साठवायला जागा कुठे?” रोज अठरा एमबी धरा. वर्षाचे साडेसहा जीबी. आमच्या चौकातल्या मोबाइलच्या दुकानात मिळणाऱ्या मेमरी कार्डात चार वर्षं मावतील. आणि फाइली साठवलेल्या आहेतच, मला 403 त्यांच्याच दारावर मिळाला.

तिसरं उत्तर सगळ्यात वाईट, म्हणून ते हळू आवाजात दिलं जातं: “प्रोग्रामने उतरवायची गरजच काय? माणसाने साइटवर येऊन बघावं.” म्हणजे शेतकऱ्याने रोज सकाळी नेट चालू-बंद होत असताना राज्यभराची यादी खाली-खाली सरकवत वाशीमपर्यंत यावं. ज्याच्याकडे मोठा स्क्रीन, पक्कं नेट आणि रिकामा वेळ आहे त्याच्यासाठी माहिती खुली, बाकीच्यांसाठी दाखवण्यापुरती. कायदा असं म्हणत नाही. माहिती अधिकार कायदा 2005 च्या कलम 4 मध्ये पहिलंच बंधन काय आहे? अभिलेख सूचीबद्ध आणि अनुक्रमित करून ठेवा, शक्य तेवढे संगणकीकृत करून नेटवर्कवर जोडा. सूची आणि अनुक्रम! ‘ताजी’ नावाची एक चिठ्ठी ही कोणत्याही अर्थाने सूची नाही. 2012 चं राष्ट्रीय डेटा सामायिकीकरण धोरणही यंत्राला वाचता येईल अशी माहिती द्या म्हणतं. यंत्राने वाचणं हा आगाऊपणा नाही, धोरणच तसं आहे.

हे जमतं का? आपल्याच देशात जमतं. भारतीय हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाच्या साइटवर 0.25 अंशांच्या जाळ्यातला रोजचा पाऊस 1901 पासून वर्षवार फाइलींत मिळतो. नावात वर्ष आहे. जाळं 135 गुणिले 129 बिंदूंचं, प्रत्येक बिंदूला चार बाइट. म्हणजे साध्या वर्षाची फाइल 2,54,25,900 बाइटची असायला हवी आणि लीप वर्षाची 2,54,95,560. एक बाइट कमी असली तर फेकून द्या आणि पुन्हा आणा. शेलूबाजारात बसून, कोणालाही फोन न करता मी ते ओळखू शकतो.

आणि लिंक वापरूनही नीट कसं वागावं ते डेबियनकडून शिकावं. त्यांच्या सर्व्हरवर ‘स्टेबल’ हे नाव लिंकच आहे. 10 जून 2023 ला ते बोट ‘बुल्सआय’वरून ‘बुकवर्म’कडे वळलं. पण ‘बुल्सआय’ हे नाव त्यांनी लपवलं नाही. ज्याला नवं हवं त्याने ‘स्टेबल’ म्हणावं, ज्याला तेच हवं त्याने ‘बुल्सआय’ म्हणावं. सोबत प्रत्येक यादीचा शा-256 चा ठसा असलेली, सही केलेली फाइल. मजकुरात एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. लिंक आणि विश्वास एकत्र नांदू शकतात, फक्त नांदवायची इच्छा लागते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक फाइलला तारखेचं कायमचं नाव द्या आणि ते नाव उघडं ठेवा. ‘ताजी’ ठेवायची तर खुशाल ठेवा, पण ती मागणाऱ्याला खऱ्या नावाकडे पाठवा. वेबवर 302 ची सोय त्यासाठीच आहे, मग प्रोग्रामला कळतं की आपण कोणत्या तारखेच्या दारात उभे आहोत. फाइलच्या शेजारी तिचा ठसा ठेवा. आणि तारीख फक्त पहिल्या ओळीत लिहू नका, प्रत्येक ओळीत लिहा. ती असती तर माझा प्रोग्राम कितीही मूर्ख असता तरी वाशीमचा 71.4 आपली तारीख सोबत घेऊन आला असता. यातल्या एकाही गोष्टीला निविदा काढावी लागत नाही.

आता माझ्या बिरादरीकडे वळतो, म्हणजे माझ्यासारख्या प्रोग्राम लिहिणाऱ्यांकडे. नाहीतर हा लेख म्हणजे दुसऱ्याकडे बोट दाखवणारी आणखी एक लिंक होईल. ती फाटलेली ओळ माझ्या प्रोग्रामला त्या सकाळी सापडली होती. मी त्याला शिकवलं होतं की एखादी ओळ वाचता आली नाही तर गप्प पुढे जा. का? कारण कधीकाळी एका रिकाम्या ओळीने प्रोग्राम बंद पडला होता आणि मला झोप हवी होती. एकुलता एक साक्षीदार ओरडत होता, मी त्याच्या तोंडावर हात ठेवला होता.

अर्धी फाइल पुढे चालू करायची असेल तर सर्व्हरने पहिल्या वेळी दिलेली ईटॅगची खूण जपून ठेवा आणि ‘इफ-रेंज’ सोबत परत पाठवा. 1997 च्या एचटीटीपी 1.1 पासून ही सोय आहे: खूण जुळली तर उरलेलं द्या, नाही जुळली तर पहिल्यापासून सगळं द्या. हे जमत नसेल तर अर्धी फाइल फेका. नेट महाग वाटेल, पण चुकीची तारीख त्याहून महाग पडते. कर्ल वापरत असाल तर त्याला पुढच्या पत्त्यावर जायला आणि 404 आल्यास अपयश मानायला स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर ते चुकीचं पानही फाइल म्हणून निमूट आणून देतं. नवी फाइल आधी तात्पुरत्या नावाने उतरवा, तपासा, मगच खरं नाव द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शंका आली तर आकडा टाकूच नका. “आज फाइल नीट आली नाही” असा मेसेज टाकायला मला लाज वाटायची. आता वाटत नाही.

काकांचं काय झालं? 72 तासांतले पन्नास गेले होते. मी त्यांना गाडीवर मागे बसवलं, मंगरूळपीरला गेलो, दोन्ही फाइली आणि फाटलेली ओळ छापून नेली होती. टेबलामागच्या माणसाला लिंक काय असते ते समजावून सांगितलं. त्याने ऐकलं, अर्जातली तारीख 12 करून घेतली आणि पोच दिली. जाताना म्हणाला, “सर, पन आमाले बी ‘ताजी’च दिसते, कालची आमाले बी काढता येत नाही.”

खिडकीच्या आतल्या माणसालाही कालची फाइल काढता येत नाही! म्हणजे हा प्रश्न शेतकरी विरुद्ध सरकार असा राहिलाच नाही. परतताना काका गाडीवर मागून म्हणाले, “म्हंजे पानी पडलं हे खरं, पन कवा पडलं हे त्याइच्या मशिनीले मालूम नाही.”

मालूम आहे, काका. मशीनला सगळं मालूम आहे. आपल्याला विचारू देत नाहीत, एवढंच.